घोड्यांचे पावसाळे

तो दारात आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. चाळिशी गाठलेला, उन्हानं रापलेला माणूस. चपला पायरीखाली काढून उभा होता.

"बाई, मी शेवटच्या बाकावरला. तुमी बेडकाचं चित्र काडायला सांगितलंत नि मी घोडा काडला होता."

मग आठवला. "चार पाय दोघांनाबी असतात," असं वर मला ऐकवलंही होतं त्यानं, आणि मी त्याला तासभर उभं केलं होतं.

हातखंब्याच्या पलीकडे आमची आंब्याची बाग आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आणि यजमान तिथंच राहतो. बाग उतारावर आणि तिच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं सपाट माळरान. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, त्यावर काडी दिसत नाही. पाऊस पडला की त्याच कातळावरच्या बोटभर मातीतून गवत उठतं आणि श्रावणापर्यंत गुडघ्याला लागतं. दसऱ्यानंतर आम्ही ते कापून ठेवतो, आंब्याची अढी घालायला. सड्याभोवती जांभ्या चिऱ्यांचा जुना गडगा आहे, कमरेइतकी उंच दगडी भिंत.

या विद्यार्थ्याकडे दोन घोडे होते. हंगामात तो किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा. पावसाळ्यात समुद्र वर चढतो, माणसं येत नाहीत, म्हणून ते चार महिने तो मुंबईला जाऊन टेम्पो चालवायचा. घोडे तेवढे दिवस घरामागच्या शेडमध्ये बांधलेले असायचे.

"गेल्या साली ओलीत उभं ऱ्हाऊन खूर कुजले वो बाई. डॉक्टर म्हनाले, मोकळं सोडा. चिखलात नको, कातळावर सोडा, पानी वाहून जातं. मी इचार केला, असा सडा कुनाचा हाय?"

यजमान आतून ऐकत होते. त्यांनी बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला तो अढीचा. "गवत घोड्यांनी खाल्लं तर आंबे मी कशात पिकवायचे?"

"काका, सगळा सडा दोन घोडे काय खातील? नि लीद ऱ्हाते ना तुमच्या कलमांना."

लीद म्हटल्यावर यजमान अढी विसरले. शेणखतासाठी ते दर वर्षी गावभर फिरायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "लाथा मारतात का?"

मृग संपता संपता टेम्पो आला. फळी लावून त्यानं आधी म्हाताऱ्याला उतरवलं. तो पांढरा घोडा, पाठ खाली बसलेली, डोळ्यांच्या वर खोल खळगे पडलेले. मागून तांबडी घोडी उतरली. घोड्यांना सिनेमातली नावं होती, पण ती मी कधी तोंडात घेतली नाहीत. माझ्यासाठी ते म्हातारा आणि घोडीच राहिले. गवत तेव्हा वीतभर झालं होतं. त्यानं तोंडावरच्या मोरक्या तशाच ठेवल्या, दोर सोडले आणि बाजूला झाला.

मला वाटलं होतं, आता उधळतील. पण घोडी जागची हलली नाही. दोर असता तर जेवढी वळली असती तेवढीच ती गोल वळली. म्हातारा मात्र चालायला लागला. सरळ रेषेत, मान खाली घालून, शंभरेक पावलं गेला. थांबला. आपणहून वळला आणि परत आला. आमच्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी स्थिर, जणू पाठीवरनं कुणी उतरायचंय आणि दुसरं कुणी चढायचंय. थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा त्याच रेषेत निघाला.

"हे काय करतोय रे?" मी विचारलं.

त्यानं हातातले दोर गुंडाळले. मग म्हणाला, "किनाऱ्यावर आमचा पट्टा तेवडाच हाय बाई. खडकापासनं झेंड्यापर्यंत."

तो संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेला. म्हातारा त्या रेषेवर फिरत राहिला. पायाखालचं गवत चेपून वाट पडली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन गडग्यावर बसायची आणि बघायची. आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी तो जाता जाता मध्येच थांबला, खाली वाकला आणि चरायला लागला. चरता चरता बाजूला सरकला, अजून सरकला. दुपारी मी जेवणाला हाक मारायला यजमानांना शोधत वर गेले तर तेच मला म्हणाले, "हळू बोल. तो वळायचा विसरलाय."

त्याआधी वाऱ्यापावसाचा एक दिवस आला होता, तो सांगायला हवा. पश्चिमेकडून काळं पाणी चाल करून आलं. छत्री उलटी झाली. दोघे उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून, शेपट्या आत घेऊन, माना खाली घालून उभे होते. मला राहवेना. आमचा गोठा रिकामाच होता. मी घोडीची मोरकी धरली, "चल गो, चल बाय," म्हणत तिला आत नेलं. म्हातारा मागोमाग आला. मी त्यांच्यापुढे सुकं गवत टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन साडी पिळायला लागले. मान वर करते तर दोघे बाहेर. पुन्हा नेलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी यजमान पडवीतून ओरडले, "अगं, त्यांना नको असेल तर कशाला ओढतेस?"

मी घोडीजवळ गेले. तिच्या अंगावरून पाणी नळासारखं वाहत होतं. काय करावं कळेना म्हणून मी तिच्या आयाळीखाली हात घातला.

आत ऊब होती. चुलीच्या बाजूच्या भिंतीला असते तशी. आणि केसांच्या मुळाशी, त्या एवढ्या पावसात, जागा कोरडी होती. माझी बोटं गारठून वाकडी झालेली, ती तिथं सरळ झाली. तीस वर्षं मी फळ्यावर उष्णतेचं वहन लिहीत आले होते. मुलांना व्याख्या पाठ करायला लावत होते. त्या क्षणी मला एकही व्याख्या आठवली नाही. मी दोन्ही हात आत घातले आणि कपाळ तिच्या मानेला टेकून उभी राहिले. तिनं मला उभं राहू दिलं.

त्या दिवसापासून मी त्यांना आत न्यायचं सोडलं आणि नुसतं बघायला शिकले. बघण्यासारखं फार होतं. दुपारी एक झोपला की दुसरा उभा राहायचा. दोघे मिळून कधीच आडवे व्हायचे नाहीत. म्हातारा आडवा पडला की घोडी त्याच्यावर सावली पडेल अशी उभी राहायची. ती मुद्दाम तशी उभी राहायची का, हे मी विज्ञानाची बाई असल्यामुळे सांगणार नाही. उभी राहायची एवढं मात्र खरं.

एकदा टिटवीनं सड्यावर उघड्या कातळात चार अंडी घातली होती, खड्यांच्या रंगाची. घोडी चरत चरत थेट तिथं पोचली. टिटवी उडाली नाही. तिनं पंख पसरले, चोच उघडली आणि त्या एवढ्या मोठ्या जनावरासमोर उभी राहिली. घोडीनं नाक खाली नेलं, टिटवीपासून हातभर अंतरावर थांबवलं, एकदा फुरफुरली. मग एकेक पाय उचलून, वर उचलून, बाजूनं वळसा घालून गेली. पुढचे पंधरा दिवस अंड्यांभोवती ताटाएवढं गवत उभंच राहिलं होतं, आणि भोवतालचं सगळं कापल्यासारखं खाल्लेलं.

आषाढ मध्यावर आला आणि ते झालं.

सलग पावसानं गडग्याचा एक भाग ढासळला होता. आम्हाला पत्ता नाही. खाली बागेत फणसाच्या झाडाखाली पडलेले फणस कुजत होते. तो आंबूस गोड वास आमच्या नाकाला सवयीचा. घोडीच्या नाकाला नव्हता. ती रात्रभरात कधीतरी उतरली असणार. सकाळी फणसाची सालं तेवढी उरली होती.

अकराच्या सुमारास यजमान बागेतून धावत आले. "ती खाली बसते, उठते, पोटाकडे वळून बघते. घामानं भिजल्येय."

मी मुंबईला फोन लावला. विद्यार्थ्याचा आवाजच बदलला. "बाई, पोटशूळ! लोळू देऊ नका तिला, आतडी पिळली तर संपली. मी निघतो. तुमी फिरवत ऱ्हावा, थांबू नका." गुरांच्या डॉक्टरांना लावला तर ते चिपळूणकडे, पुराचं पाणी शिरलेल्या गावांत जनावरं बघत फिरत होते. रस्ता बंद होता. त्यांनीही तेच सांगितलं. "चालवत राहा. आणि पोटाला कान लावा. गुडगुड ऐकू येते का सांगा."

मी तिच्या कुशीला कान लावला. इतक्या मोठ्या शरीरात आवाज नव्हता. फक्त दूर कुठंतरी हृदय चाललेलं.

"काही ऐकू येत नाही, डॉक्टर."

"चालवा," ते म्हणाले. "लीद पडली की मला कळवा. कितीही वाजले तरी."

आम्ही चालायला लागलो. बागेच्या फाटकापासून गडग्यापर्यंत आणि परत. दोर कधी माझ्या हातात, कधी यजमानांच्या. तिचे पाय जड झाले होते. दर थोड्या वेळानं ती गुडघे मोडायची आणि आम्ही दोघं ओढून, ओरडून, ढकलून तिला उभी ठेवायचो. आम्ही दोघं साठीतली माणसं. तिनं खरोखरच बसायचं ठरवलं असतं तर आमच्यानं काही झालं नसतं.

म्हातारा वर एकटा राहिला होता. तो खिंकाळत होता, आणि तसला आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग तो थांबला. बघते तर ढासळलेल्या चिऱ्यांवरून जपून पाय टाकत तो खाली उतरत होता. आमच्याजवळ आला, घोडीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला आणि आम्ही निघालो तसा निघाला. त्याला दोर नव्हता. कुणी हाक मारली नव्हती. माझ्या बाजूला घोडीचा खांदा आणि तिच्या पलीकडे त्याचा खांदा, असे आम्ही चाललो. आम्ही वळलो की तो वळायचा.

तिनं पुन्हा गुडघे मोडले. मी दोर ओढला, पण हातातला जोर संपला होता. तेव्हा म्हाताऱ्यानं मान वळवली आणि तिच्या ढुंगणाला चावा घेतला. ती दचकून चार पावलं पुढे गेली.

यजमान बघतच राहिले. "बघितलंस? त्यानं मुद्दाम केलं."

पुढच्या दोन-तीन तासांत तसं आणखी चार वेळा झालं. दर वेळी ती बसायला लागली की चावा. एरवी एकदाही नाही. मी मनात मोजत होते. शाळेत प्रयोगाच्या वहीत नोंदी करायची सवय.

पाऊस येत होता, जात होता. यजमानांनी भाताची पेज आणून मला उभ्यानं पाजली. चालता चालता ते मला म्हणाले, "आपण दोघं शेवटचे इतका वेळ बरोबर कधी चाललो होतो?" बहुधा लग्नाच्या वर्षी, पावस गावच्या रस्त्यानं. पण मी दोर नीट धरला आणि म्हटलं, "बोलू नका, दम लागेल."

उजेड उतरायला लागला तेव्हा मी पुन्हा कान लावला. आधी काही नाही. मग आत खोलवर, जमिनीखालून पाणी सरकावं तसा आवाज आला. सरकला, थांबला, पुन्हा सरकला. शाळेत मी पचनसंस्थेचा तक्ता खिळ्याला टांगून छडीनं दाखवायची. हे लहान आतडं, हे मोठं आतडं. त्या तक्त्याच्या आत असं काही चाललेलं असतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू येत होतं. मी कान काढलाच नाही. तशीच तिच्या पोटाला चिकटून चालत राहिले.

फाटकाजवळ घोडी थांबली, शेपूट उचलली.

"पडली!" यजमान ओरडले. "अगं, पडली, लीद पडली!" बत्तीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला असा नाचताना पाहिलं नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला आणि मला एवढंच सांगता आलं, "पडली हो," आणि मग मला रडूच फुटलं. पलीकडून डॉक्टर हसत होते. "बाई, पेढे द्या मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थी एसटीनं आला, डॉक्टर त्याच्या पाठोपाठ. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धोका टळलाय. विद्यार्थी घोडीच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमी मला तासभर उभं केलं होतंत. मी तुमाला दिवसभर चालवलं. झाली फिटंफाट."

यजमानांनी त्याच दिवशी गडगा पुन्हा रचून घेतला आणि फणस रोजच्या रोज उचलायला लागले.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला. सड्यावर सीतेच्या आसवांची निळी फुलं पसरली. एका सकाळी मी चपला गडग्यापाशी काढून ओल्या गवतातून अनवाणी चालले होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि वारा समुद्राकडून येत होता. दोघे लांब सड्याच्या टोकाला होते. घोडीनं मान वर केली. काय दिसलं, काय वास आला, मला माहीत नाही. ती निघाली. आधी दुडक्या चालीनं, मग उघडी, मोकळी. म्हातारा तिच्या मागे, आणि मग, माझा डोळ्यांवर विश्वास बसेना, तिच्या बरोबरीनं.

त्यांचा आवाज मला आधी पायांना ऐकू आला. कातळ आतून पोकळ असतो ठिकठिकाणी. तळव्यांतून तो ठेका पोटऱ्यांत चढला, गुडघ्यांत आला. सगळा सडा ढोलासारखा वाजत होता आणि मी त्या ढोलावर उभी होते. ते माझ्याकडेच येत होते. बाजूला व्हायला हवं होतं, पण पाय उचलत नव्हते. भीती वाटली का? वाटलीच. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, ज्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. तो पाठ बसलेला म्हातारा घोडा, ज्यानं जन्मभर लोकांची पोरं खडकापासून झेंड्यापर्यंत नेली, त्याची आयाळ उभी राहिली होती आणि चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले मी पाहिले. ते माझ्या दोन्ही बाजूंनी गेले. वाऱ्यानं माझा पदर उडाला. तोंडावर चिखलाचे शिंतोडे बसले. मागे वळून बघते तर दोघे गडग्यापाशी पोचून, काही झालंच नाही अशा थाटात, चरत होते.

मी खाली बसले. घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, "पडलीस की काय कुठं?" मी म्हटलं, "नाही."

दिवाळी झाल्यावर टेम्पो परत आला. घोडी जरा अडली. म्हातारा एका दमात फळी चढून आत जाऊन उभा राहिला, आणि मला त्याचा थोडा रागच आला. विद्यार्थी म्हणाला, "त्याला ठाव हाय बाई, कामाला जायचंय." पुढच्या वर्षी मात्र त्यानं म्हाताऱ्याला कामातून काढलं. आता तो बारा महिने आमच्याकडेच असतो. उन्हाळ्यात आंब्यांखाली सावलीला राहतो, आणि सोबतीला यजमानांनी एक गाय आणली आहे. गायीचं आणि त्याचं फार बरं चाललं आहे. अढीला गवत पुरतं. कलमांना लीद मानवली आहे, ते यजमान येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

किनाऱ्यावरच्या इतर घोडेवाल्यांनी ऐकलं आणि तेही आले. यंदा सड्यावर सात घोडे आहेत. त्यांतलं एक शिंगरू आहे, काळं, ज्याच्या पायांना अजून वाळू कधी लागलेली नाही.

परवा सकाळी वर गेले तर सडा धुक्यात बुडालेला होता. हातभर पलीकडचं दिसेना. गडग्याचा शेवटचा चिरा हाताखालून सुटल्यावर मी अंदाजानंच चालले होते. थांबले आणि कान दिला. आधी वाटलं, पाऊस. पण अंगावर थेंब नव्हता. मग कळलं, गवत तुटतंय. समोर, डावीकडे, पाठीमागे, सात तोंडांखाली गवत तुटत होतं, आणि मधूनच कुणीतरी नाक फुरफुरवत होतं. त्यांना मी आल्याचं केव्हाच कळलेलं असणार. मला एकही दिसत नव्हता. मी हात पुढे करून उभी राहिले, आणि थोड्या वेळानं धुक्यातून एक ओला, गरम श्वास माझ्या तळहातावर आला. कुणाचा, ते मी विचारलं नाही.